रोजचं औषध रोज

कांबळे काका पुसून झालेल्या वर्गात शिरताना नाक दाबून शिरायचे. मी कामाला लागले त्या पहिल्या दिवशी मला वाटलं, आपल्या हातून काहीतरी घाण राहिली. मी फिनेलची बाटली आणायला पळाले, तर दारातूनच हाक आली.

"ए बाई, निघाली कुठं?"

"वास येतोय ना काका, जरा फिनेल मारते."

"अगं, वास येऊ नये म्हणूनच नाक धरलंय. नाक लई फितूर. फिनेलचा वास आला की ते म्हणतं, झालं, स्वच्छ झालं. मग डोळे बघायचं सोडून देतात."

एवढं बोलून ते गुडघ्यावर बसले, खिशातून पेनाएवढी बॅटरी काढली आणि बाकावर आडवी ठेवून लावली. उजेड बाकाच्या अंगावरून सरपटत गेला आणि माझ्या फडक्याचे सगळे फराटे वर आले. मधे वीतभर जागा कोरडीच राहिलेली. "इथं तुझा फडका आलाच नाही," म्हणाले. आवाज चढला नाही. पण मला वाटलं, गेली नोकरी. गाव सोडून चारशे-साडेचारशे किलोमीटरवर आलेल्या माणसाला ही भीती कायमची असते, जरा काही झालं की वर येते.

शाळा पिंपरीजवळ, रहाटणीकडून काळेवाडीला जाताना लागते. तीन मजले, नर्सरीपासून दहावीपर्यंत. सफाईला आम्ही सहा बायका आणि आमच्यावर सुपरवायझर कांबळे काका. मी हिंगोलीकडची. नवरा चाकणला एका कंपनीत कंत्राटावर, आठवड्याला शिफ्ट बदलणार, कंत्राट कधी संपेल याचा भरवसा नाही. माझी स्वतःची शाळा लवकर सुटलेली. इथं कामाला लागले ते एकाच गोष्टीसाठी: कर्मचाऱ्याच्या एका लेकराला या शाळेत फी न भरता शिकता येतं. माझी श्रावणी तिसरीत होती. माझी नोकरी म्हणजे तिचा बाक, असा साधा हिशोब होता. म्हणून शाळेच्या मुख्य मॅडमनी नुसतं वर बघितलं तरी मला धस्स व्हायचं.

काकांचं आयुष्य गेलं होतं चाकणच्या एका गाड्यांच्या कंपनीत, पेंट शॉपमध्ये. रंग मारायच्या आधी गाडीचं अंग पुसून द्यायचं, हे काम. ते सांगायचे, "बॉनेटवर केसाएवढा धागा बसला ना, तर अख्खं बॉनेट परत. धागा कुणाच्या फडक्याचा, ते शोधून काढायचे." मग लाइन बदलली, माणसं कमी झाली आणि काका घरी बसले. चार महिने घरातली भांडी आणि खिडक्या पुसून बायकोला हैराण केल्यावर, तिनंच म्हणे त्यांना शाळेची जाहिरात दाखवली.

डबा खाताना एकदा त्यांनी स्वतःच सांगितलं, "माझा भाऊ माझ्याशी बोलत नव्हता. म्हणाला, बापानं गावचं झाडणं, मेलेली ढोरं ओढणं सोडलं, गाव सोडलं, आपल्याला कंपनीत लावलं. आणि तू म्हातारपणी परत फडका हातात घेतलास? बापाला काय वाटलं असतं?"

छबूताईंनी विचारलं, "मंग तुमी काय म्हनला?" छबूताई म्हणजे आमच्यातल्या सगळ्यात जुन्या, इथल्याच गावच्या. त्यांच्या शेतावर आता दोन सोसायट्या उभ्या आहेत, तरी घरी बसवत नाही म्हणून कामाला येतात.

"म्हणलं, बापानं सोडलं ते गावानं लादलेलं होतं. हे मी शिकून घेतलंय. शिकलेलं काम ज्याला येतं त्याचं." असं म्हणून ते हसले. मग भाकरीचा तुकडा हातात तसाच राहिला बराच वेळ.

शिकून घेतलंय म्हणजे किती, ते त्यांच्याबरोबर बाजारात गेल्याशिवाय कळायचं नाही. एकदा फडके घ्यायला पिंपरीच्या बाजारात मला पिशवी धरायला नेलं. दुकानदारानं गठ्ठा टाकला. काकांनी एक फडका उचलून स्वतःच्या बाटलीतल्या पाण्यात भिजवला, पिळला, परत भिजवला. मग दुकानाच्या काचेवर फिरवून बॅटरी आडवी लावून बघितलं. दोरे सुटले होते. दुसरा घेतला. तिसरा घेतला. मागं गिऱ्हाइकं खोळंबलेली.

दुकानदार वैतागला. "काका, फडका घेताय का पैठणी?"

"पैठणी असती तर एवढं बघितलं नसतं राव. ती लेकरांच्या तोंडाला लागत नाही."

"फडका कुणाच्या तोंडाला लागतो?"

"फडका बाकाला, बाक हाताला, हात तोंडाला. नर्सरीतलं पोरगं घरी आहे का? दहा मिनिटं त्याच्याकडं बघत बस."

दुकानदारानं आतून वेगळा गठ्ठा काढला. तोही काकांनी भिजवला.

निळा फडका वर्गांना, हिरवा डबा खायच्या हॉलला, लाल संडासाला. लाल फडका चुकून जिन्यावर दिसला तर काका आख्खा जिना परत करायला लावायचे. आणि फडक्याची घडी. आधी अर्ध्यावर, मग परत अर्ध्यावर. "आता याला आठ तोंडं झाली. एक तोंड एका बाकाला. वापरलेलं तोंड परत दाखवायचं नाही."

छबूताई म्हणाल्या, "आमच्या सासूला येकच त्वांड हाय, अन् त्ये बी रोज तेच दावती."

काका हसले नाहीत. त्यांनी छबूताईंची घडी उलगडून परत घालून दाखवली. मग जिन्यापर्यंत गेल्यावर त्यांचे खांदे हलताना दिसले.

कुठं पुसायचं, यावरून त्यांचं आणि ॲडमिन सरांचं पहिलं भांडण झालं. ॲडमिन सर म्हणजे शाळेचा सगळा खरेदी-कारभार बघणारे. त्यांनी यादी टाइप करून दिली होती: दाराच्या कड्या, बाक, खुर्च्या, नळ. काकांनी यादी घडी करून खिशात ठेवली आणि दुसरीच्या बाईंकडून एक तास मागून घेतला. दहा पोरांच्या तळव्यांना निळ्या खडूची पूड लावली आणि त्यांना सांगितलं, "आता तुम्हाला काय करायचंय ते करा." मधली सुट्टी संपल्यावर आम्ही सगळ्या त्यांच्या मागं मागं फिरलो. दाराच्या कडीवर निळं फारसं नव्हतंच, पोरं कडीला हातच लावत नाहीत, दाराच्या कडेला धरून ढकलतात. जिन्याच्या वळणावर खांब आहे, त्याला कमरेएवढ्या उंचीवर निळा पट्टा उमटलेला. सगळी पोरं त्याला धरून गिरकी घेतात. बाकाच्या वरपेक्षा खालच्या अंगाला जास्त. एका पोराच्या जिभेवरपण निळं होतं.

काकांनी ॲडमिन सरांची यादी काढली आणि तिच्या मागच्या कोऱ्या बाजूला नवीन यादी लिहिली. "कंपनीत आम्ही असंच शोधायचो," एवढंच म्हणाले. सरांना ते आवडलं नाही. पण खांब आजही आम्ही रोज पुसतो.

दुसरं भांडण दहा मिनिटांचं. आधी साबणाच्या पाण्यानं मळ काढायचा, मग हायपो, म्हणजे जंतू मारायचं औषध, पाण्यात मिसळून त्याचा फडका फिरवायचा आणि दहा मिनिटं ते ओलंच राहू द्यायचं. लगेच कोरडं करायचं नाही. सुकायला लागलं तर परत ओलं करायचं. एका वर्गाला लावून दुसऱ्या वर्गात जायचो, पण शेवटच्या वर्गात थांबावंच लागायचं. ॲडमिन सरांनी कॅमेऱ्यात बघितलं आणि खाली आले.

"कांबळे, तुमच्या बायका नुसत्या उभ्या असतात. पुसायचं आणि पुढं सरकायचं."

"साहेब, भात चुलीवर असतो तेव्हा बाई उभीच असते. ती रिकामी असते का?"

"मला भाताचं सांगू नका. कॅमेऱ्यात काम दिसलं पाहिजे."

दुसऱ्या दिवसापासून काकांनी त्या दहा मिनिटांत आम्हाला वाचायला लावलं. औषधाचा कॅन समोर ठेवायचा आणि मागचं बारीक अक्षर मोठ्यानं वाचायचं. "पुढच्या बाजूनं कंपनी बोलते," म्हणायचे, "मागच्या बाजूनं औषध बोलतं. मागचं वाच." माझा नंबर पहिला. मी 'आम्लयुक्त पदार्थांत मिसळू नये' यावर अडखळले, घामाघूम झाले. काकांनी मदत केली नाही. नुसते घड्याळाकडं बघत उभे राहिले. तिसऱ्या दिवशी ते वाक्य मी एका दमात वाचलं आणि संडास साफ करायचं ॲसिड हायपोत का घालायचं नाही ते मला कळलं. आमच्या घरात त्याआधी मी दोन्ही एकत्र करून मोरी घासायचे आणि खोकत बाहेर यायचे. आज मी श्रावणीचं मराठीचं पुस्तक तिच्याबरोबर वाचते, ते त्या दहा मिनिटांमुळं. हे त्यांना मी कधी नीट बोलले नाही.

आता माझी चूक सांगते.

काकांचा एक नियम होता: रोजचं औषध रोज. सकाळी ताजं करायचं आणि संध्याकाळी जे उरेल ते ओतून टाकायचं. माझ्याच्यानं ते होईना. आमच्या गावात उन्हाळ्यात टँकर चौथ्या दिवशी यायचा. तोंड धुतलेलं पाणी परातीत धरायचं, त्यात भांडी विसळायची, तेच म्हशीच्या पुढ्यात. ज्या हातांनी असं पाणी राखलं, त्या हातांनी अर्धी बादली औषधाचं पाणी मोरीत ओतायचं? पहिले काही दिवस ओतलं. मग एक दिवस इकडंतिकडं बघितलं आणि जिन्याखालच्या निळ्या ड्रममध्ये घालून झाकण लावलं. सकाळी त्यात थोडं ताजं मिसळलं. कुणाला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी परत तेच. मला वाटायचं, मी शाळेचं वाचवतेय. खरं सांगायचं तर मनातून अभिमान वाटायचा. असं तीन आठवडे चाललं.

मग एका सोमवारी नर्सरीत एका पोराला उलटी झाली. मंगळवारपर्यंत अकरा पोरं घरी, उलट्या आणि जुलाब. पालकांचे मेसेज सुरू झाले. ॲडमिन सरांनी धुराचं मशीन दाखवायला एक माणूस बोलावला. त्यानं नर्सरीत पांढरा धूर सोडला, सरांनी त्याचा व्हिडिओ काढला. काका दारात उभे होते. "साहेब, धूर बाकाच्या खालून पुसून घेणार का?" सर म्हणाले, "पालकांना हे दिसतं, कांबळे. तुमचा फडका दिसत नाही."

काका निघून गेले आणि तासाभरानं दवाखान्यांना माल पुरवणाऱ्या दुकानातून कागदी पट्ट्यांची नवी डबी घेऊन आले; आधीची कधीच संपली होती. ही पट्टी औषधाच्या पाण्यात बुडवली की जांभळी होते. जितकी गडद, तितकं औषध जिवंत. सहा बादल्या ओळीनं ठेवल्या. छबूताईंची जांभळी. दुसरी, तिसरी, चौथी, पाचवी जांभळी. माझ्या बादलीतली पट्टी पांढरी ती पांढरीच. काकांनी दुसरी बुडवली. तीही पांढरी.

"मंगल, हे कधीचं?"

मी सगळं सांगितलं. ड्रमपाशी नेऊन झाकण उघडून दाखवलं. ते जिन्याच्या पायरीवर बसले.

"तीन आठवडे?"

"हो काका. ओतवेना. जीवच होईना."

"मी तुला ओत म्हणालो. का ओत, ते बोललो का कधी?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"ठेवलं की याचा जोर जातो. त्यात आधीचा मळ, मग तर मेलंच. आपण बाकांना नुसतं पाणी लावत होतो." मग म्हणाले, "तू सांगणार का मी सांगू?"

मला रडू फुटलं. "काका, माझी पोरगी याच शाळेत आहे हो. मला काढलं तर तिचं वर्ष..."

"माहीत आहे. म्हणून तूच सांग. मी सांगितलं तर ती चोरी होईल. तू सांगितलंस तर चूक राहील."

त्या संध्याकाळी भाकरी करपली, पाण्याचा नळ चालू राहिला. नवऱ्याला काही सांगितलं नाही, त्याच्या कंत्राटाचं आधीच डोक्यावर होतं. मनात येत होतं, न सांगता काम सोडावं, गावी जावं. पण गावी काय आहे?

सकाळी मॅडमच्या केबिनपाशी गेले तर काका आतून बाहेर येत होते. मला बघून एवढंच म्हणाले, "जा."

मॅडमच्या टेबलावर एक कागद होता. मी उभ्या उभ्या सगळं बोलले, टँकरचंही बोलले. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "यामुळंच मुलं आजारी पडली असं कुणी सांगू शकणार नाही. पडली नाहीत असंही सांगता येणार नाही. मला संस्थेशी बोलावं लागेल. शुक्रवारी सांगते." मग तो कागद माझ्याकडं फिरवला. काकांचं अक्षर. मी वाचला. दोनच ओळी होत्या. तपासायच्या पट्ट्या संपल्या होत्या, त्या मी वेळेवर मागवल्या नाहीत आणि तीन आठवडे औषध तपासलं नाही. नियम सांगितला, कारण सांगितलं नाही. खाली सही. माझं नावसुद्धा त्यात नव्हतं. माझ्यासाठी रदबदलीही नव्हती.

शुक्रवारपर्यंतचे दोन दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. दर तासाला काकांना विचारायचे, "राहील का हो नोकरी?"

"मला काय माहीत. खोटा धीर देऊ का?"

"छबूताई म्हणतात राहील."

"मग छबूताईंना विचार. बाकाची खालची बाजू राहिली तुझी."

नर्सरी आम्ही त्या दोन दिवसांत चार वेळा केली. खेळणीसुद्धा एकेक साबणानं धुऊन, मग औषधात, मग साध्या पाण्यात. संध्याकाळी काका माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि उरलेली बादली मी मोरीत ओतेपर्यंत हलले नाहीत. ओतताना मी मधेच दोनदा थांबले, तेही त्यांनी बघितलं. म्हणाले, "मलापण आधी अवघड गेलं होतं. आमच्याकडंही पाणी नव्हतं."

शुक्रवारी मॅडमनी बोलावलं. लेखी ताकीद, नोकरी राहिली. श्रावणीचा बाक राहिला. मी केबिनमधून बाहेर आले आणि सरळ बादली भरायला गेले.

काकांचं कंत्राट मार्चअखेर संपत होतं. ते पुढं वाढवलं नाही. ॲडमिन सर म्हणाले, सुपरवायझरनं स्वतःच लिहून दिलंय की तपासलं नाही, मग आम्ही काय करणार. छबूताई भडकल्या. "लिवून कशाला द्याचं म्हनते मी! त्वांडी सांगायचं व्हतं. त्वांडी सांगितल्यालं कोन धरून ठेवतंय?"

"तेच तर," काका म्हणाले. "तोंडी सांगितलेलं हायपोसारखं असतं, दोन दिवसांत जोर जातो."

मी म्हटलं, "काका, माझ्यामुळं झालं हे."

"तुझं तू सांगितलंस, माझं मी सांगितलं. सरमिसळ करू नको." मग बहुतेक माझा चेहरा बघून म्हणाले, "एक छोटा दवाखाना बघितलाय आळंदी रस्त्याला. डॉक्टरीणबाई स्वतः फडका बघून घेते म्हणे. जमेल."

मला वाटलं, निदान पोरीला आणून त्यांच्यासमोर उभी करावी. जिच्यासाठी एवढं रडले, ती त्यांनी बघावी. "काका, मधल्या सुट्टीत श्रावणीला आणते. तिचा वर्ग..."

त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "वर्ग सांगू नको. कोणती ते कळलं की तिचा बाक माझ्याकडून जास्त पुसला जाईल. अजून आठ दिवस मी इथं आहे."

शेवटच्या दिवशी मी त्यांच्या पाया पडायला वाकले, तर ते झटकन दोन पावलं मागं सरले. "वाकायचं नाही. आपण दोघं एका कामावरची माणसं." मी हात जोडले. त्यांनीही जोडले.

शाळा सुटायच्या वेळी मी पहिल्या मजल्याच्या गॅलरीत होते. खाली काका कापडी पिशवी घेऊन फाटकाकडं निघाले आणि तेवढ्यात घंटा झाली. सगळी शाळा अंगणात सांडली. ते भिंतीला पाठ लावून, पिशवी पोटाशी धरून उभे राहिले. पोरं त्यांच्या दोन्ही बाजूंनी वाहत होती. त्यातून श्रावणी धावत आली, मैत्रिणीच्या मागं लागलेली, आणि बरोबर त्यांच्यासमोर ठेचकाळली. पाण्याची बाटली घरंगळत त्यांच्या पायाशी गेली. काकांनी वाकून बाटली उचलली, तिच्या हातात दिली, काहीतरी बोलले. ती हसली आणि पळाली. त्यांनी तिच्याकडं मान वळवूनही बघितलं नाही. पुढच्या पोराचा धक्का लागू नये म्हणून पिशवी सावरली, गर्दी थोडी विरळ झाली तसे फाटकातून बाहेर पडले. वरून हाक मारावी असं फार वाटलं. पण मी बादली उचलली आणि वर्गात शिरले.

घरी आल्यावर मी श्रावणीला विचारलं, "ती बाटली देताना काका काय म्हणाले गं तुला?"

"कोणते काका?" ती म्हणाली, आणि दप्तर उघडून गृहपाठाला बसली.